अधिष्ठात्याची खुर्ची आणि तीन वर्षांची मुदत

राजधानीत नेमणुकांची चर्चा कधी थांबत नाही. कोणत्या मंत्रालयात कोण सचिव येणार, कोणत्या राजभवनावर कोणाची रवानगी होणार, तपास यंत्रणांचे प्रमुखपद कोणाच्या पदरात पडणार, यावर मंत्रालयांच्या व्हरांड्यांपासून इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या हिरवळीपर्यंत पैजा लागतात. एका नेमणुकीची मात्र कोणी दखल घेत नाही. दर तीन वर्षांनी उत्तर दिल्लीतील जुन्या व्हाइसरिगल लॉजमधून, म्हणजे दिल्ली विद्यापीठाच्या कुलगुरूंच्या कार्यालयातून, एक पानाचा आदेश निघतो आणि व्यवस्थापन अध्ययन विद्याशाखेला, अर्थात एफएमएसला, नवा अधिष्ठाता मिळतो. ज्येष्ठता यादीत पुढचे नाव कोणाचे, हे विभागातील शिपायालाही आधीच ठाऊक असते. त्यामुळे या आदेशात बातमी नसते, असे वार्ताहर धरून चालतात.

बातमी नेमकी तेथेच आहे. देशातील सर्वांत स्वस्त आणि तरीही अग्रगण्य गणली जाणारी व्यवस्थापन संस्था कोणी चालवायची, किती काळ चालवायची आणि कोणत्या अधिकारांनिशी चालवायची, याचा निर्णय सेवाज्येष्ठतेचे कॅलेंडर करते. लातूर, अकोला किंवा नांदेडहून कॅट परीक्षेच्या गुणांवर दिल्ली गाठणाऱ्या मुलाला हे कॅलेंडर माहीत नसते. त्याला माहीत असतात ते दोनच आकडे. एक शुल्काचा आणि दुसरा नोकरीतील वेतनाचा. या दोन आकड्यांतील विलक्षण अंतरावर एफएमएसचा लौकिक उभा आहे आणि ते अंतर किती दिवस टिकणार, हा नव्याने येणाऱ्या प्रत्येक अधिष्ठात्यापुढचा खरा प्रश्न आहे.

एफएमएसची स्थापना १९५४ ची. कोलकाता आणि अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था उभ्या राहिल्या १९६१ मध्ये. म्हणजे दिल्ली विद्यापीठाने सात वर्षे आधीच हा विषय आपल्या छताखाली घेतला होता. त्या वेळी केंद्रात अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. पुढे मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मंत्रिपदावर पाणी सोडून ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९६२ ते १९६७ या काळात दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. ज्या वर्षी त्यांची कारकीर्द संपली, त्याच वर्षी, १९६७ मध्ये, एफएमएसचा पूर्णवेळ एमबीए अभ्यासक्रम सुरू झाला. याचे श्रेय एकट्या देशमुखांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. पण रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, अर्थमंत्री, अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि मग कुलगुरू अशी वाट चालून आलेला माणूस विद्यापीठाच्या प्रमुखपदी असण्याचा तो काळ होता, हे विसरता येत नाही. दिल्लीच्या सत्तावर्तुळात कुलगुरूच्या शब्दाला तेव्हा वजन होते. आज ज्या हिरवळीवर नेमणुकांच्या पैजा लागतात, त्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे संस्थापक अध्यक्षही देशमुखच. या योगायोगावर ते हसले असते की खिन्न झाले असते, कोण सांगणार!

लाल विटांच्या त्या इमारतीला विद्यार्थ्यांनी ‘स्वप्नांची लाल इमारत’ असे नाव दिले. स्वप्न स्वस्तात मिळत होते, हे त्यामागचे साधे कारण. या शतकाच्या पहिल्या दशकात येथील वार्षिक शुल्क दहा हजार रुपयांच्या आसपास होते. याच दशकात, २००४ च्या फेब्रुवारीत, तेव्हाचे मनुष्यबळ विकासमंत्री मुरली मनोहर जोशी यांनी आयआयएमचे दीड लाखाचे वार्षिक शुल्क तीस हजारांवर आणण्याचा आदेश काढला होता. त्यावरून केवढे रण माजले! अहमदाबादच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष नारायण मूर्ती होते. स्वायत्ततेवर घाला आल्याची हाकाटी झाली, प्रकरण न्यायालयात गेले, निवडणुकीत सरकार बदलले आणि अर्जुनसिंह यांच्या काळात आदेश बासनात गेला. त्या साऱ्या गदारोळात एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. मंत्रालयापासून काही किलोमीटरवर, सरकारच्याच विद्यापीठात, मंत्र्यांनी मागितलेल्या शुल्काच्या तिसऱ्या हिश्श्यात तोच अभ्यासक्रम शिकवला जात होता. ना जोशींनी त्याचा दाखला दिला, ना त्यांच्या विरोधकांनी. दिल्लीला आपल्या अंगणातले दिसत नाही, ते असे.

त्यानंतर वीस वर्षांत अंतर वाढतच गेले. आयआयएम अहमदाबादचे दोन वर्षांचे शुल्क वीस लाखांच्या पुढे गेले. एफएमएसने अनेक वर्षांनी शुल्क वाढवले तेव्हाही, या दशकाच्या सुरुवातीला, दोन वर्षांचा एकूण आकडा दोन लाखांच्या आसपास राहिला. दुसरीकडे, २०२३ च्या सुमारास येथून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरी वार्षिक वेतन तीस लाखांच्या वर गेले. पहिल्या पगाराच्या एका महिन्यातच संपूर्ण शिक्षणाचा खर्च निघावा, अशी व्यवस्था देशात इतरत्र क्वचितच असेल. साहजिकच कॅटमध्ये अव्वल गुण मिळवणारी मुले आयआयएमच्या जोडीने या लाल इमारतीकडे डोळे लावून बसतात.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून संस्थेच्या भवितव्याची चर्चा करता येत नाही. सल्लागार कंपन्यांत आणि बँकांत लाखोंच्या नोकऱ्या पटकावणाऱ्यांचे शिक्षण करदात्याने स्वस्तात का करून द्यावे? अर्थ खात्यातील मंडळी हा प्रश्न अधूनमधून विचारतात आणि तो गैरलागू नाही. त्याचे उत्तर मात्र शुल्क एकदम दहापट करणे हे नव्हे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाने व्यवस्थापन आणि उद्योजकतेचे स्कूल काढले. २०१९ मध्ये तेथे एमबीए सुरू झाला तेव्हा दोन वर्षांचे शुल्क दहा लाखांच्या पुढे ठेवण्यात आले. वसतिगृहाच्या शुल्कवाढीवरून त्याच वर्षी नोव्हेंबरात ज्या विद्यापीठाचे विद्यार्थी संसदेच्या दिशेने निघाले होते, त्याच आवारात हा अभ्यासक्रम चालू होता. सार्वजनिक विद्यापीठाचे नाव आणि खासगी संस्थेचा दर, असे हे मिश्रण. त्यातून मिळते काय, तर ज्याला कर्ज काढता येते तोच प्रवेश घेतो. आणि वीस लाखांचे कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडलेला पदवीधर नोकरी निवडत नाही, हप्ता निवडतो. एफएमएसच्या विद्यार्थ्याला ती सक्ती नसते. त्यातले किती जण हे स्वातंत्र्य वापरतात, हा भाग वेगळा. बहुतेक जण तेच करतात जे आयआयएमवाले करतात. पण एखाद्याला सार्वजनिक आरोग्यसेवेत, सहकारी दूधसंघात किंवा स्वतःच्या उद्योगात जावेसे वाटले तर त्याच्या पायात बँकेची बेडी नसते. कुटुंबाच्या उत्पन्नाप्रमाणे शुल्क आणि वरच्या उत्पन्न गटाकडून येणाऱ्या पैशातून शिष्यवृत्त्या, हा मध्यममार्ग सर्वांना सुचतो. तो अमलात आणण्याचा अधिकार मात्र ज्याला सुचतो त्याच्याकडे नाही.

कारण दिल्ली विद्यापीठातील अधिष्ठाता हे नामधारी पद आहे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त ठरणार नाही. कुलगुरू ज्येष्ठतेच्या क्रमाने प्राध्यापकांतून त्याची नियुक्ती करतात, मुदत तीन वर्षांची. पहिले वर्ष फायली समजण्यात जाते, तिसरे वर्ष उत्तराधिकाऱ्याच्या चर्चेत. मधले एक वर्ष त्याचे म्हणावे. शिक्षकांची नवी पदे अनुदान आयोगाच्या मंजुरीने निर्माण होतात, निवड समितीचे अध्यक्ष कुलगुरू असतात, शुल्काचा ठराव कार्यकारी परिषद करते, अभ्यासक्रमातील बदल विद्वत परिषदेतून जावा लागतो. उद्योगातून आलेली देणगी कोणत्या खात्यात जमा व्हावी, यालाही विद्यापीठाच्या वित्त विभागाची मान्यता लागते. नवी दिल्लीतील एखाद्या खासगी संस्थेचा संचालक जे काम एका ईमेलवर करतो, त्यासाठी येथे तीन समित्यांच्या बैठका लागतात. त्यांपैकी एक गणसंख्येअभावी तहकूब होते.

याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. एफएमएस दीर्घकाळ स्वतःची प्रवेश परीक्षा घेत असे. ती परीक्षा संस्थेची ओळख होती. २०१२ च्या सुमारास ती बंद करून कॅटचे गुण ग्राह्य धरण्याचे ठरले. निर्णय चूक होता असे म्हणता येणार नाही. देशभरातील मुलांना एकाच परीक्षेवर अर्ज करता आला, आणि मराठवाड्यातल्या मुलाचा आणखी एका परीक्षेचा खर्च व ताण वाचला. परंतु आपले विद्यार्थी निवडण्याची पहिली चाळणी विद्याशाखेच्या हातातून गेली. मध्यंतरी इतर मागासवर्गीयांच्या २७ टक्के आरक्षणाचा कायदा २००६ चा आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब २००८ चे. २०१९ मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे दहा टक्के आले. दोन्ही वेळा जागा वाढवण्याचा आदेश वरून आला आणि तुकडी अडीचशेच्या पुढे गेली. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. वर्ग, वसतिगृह आणि शिक्षक यांचे काय, याचा हिशेब मात्र विद्यार्थी आल्यानंतर सुरू झाला.

विद्यापीठाच्या माथ्यावरील अस्थैर्य हा आणखी एक भाग. दिनेश सिंह कुलगुरू असताना २०१३ मध्ये चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम धडाक्यात आला आणि जून २०१४ मध्ये सरकार बदलताच गुंडाळला गेला. २०२२ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या नावाने चार वर्षांची पदवी पुन्हा आली, तेव्हा पूर्वी तिच्याविरुद्ध आणि बाजूने घोषणा देणाऱ्या बऱ्याच जणांनी जागांची अदलाबदल केली होती. योगेश त्यागी यांच्या कारकिर्दीचा शेवट तर राष्ट्रपतींनी ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांना निलंबित करण्याने झाला. विद्यापीठात एकाच वेळी दोन कुलसचिवांच्या नेमणुकीचे आदेश फिरत होते. पुढे वर्षभर प्रभारी कारभार चालला आणि २०२१ मध्ये योगेश सिंह आले. सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचे हे प्राध्यापक आधी दिल्ली तंत्रज्ञान विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांच्या काळात वर्षानुवर्षे रेंगाळलेल्या कायम शिक्षकांच्या भरतीला वेग आला, हे मान्य केले पाहिजे. भरतीत कोणाची वर्णी लागली यावरून शिक्षक संघटनांनी केलेले आरोपही त्याच काळातले. विद्यापीठ २०१९ मध्ये ‘प्रतिष्ठित संस्था’ ठरले, त्यासाठी पाच वर्षांत हजार कोटींपर्यंतच्या निधीचे आश्वासन मिळाले. इमारतींसाठी मात्र २०१७ मध्ये निघालेल्या उच्च शिक्षण अर्थसाहाय्य संस्थेकडून कर्ज घेण्याची पाळी आली. कर्ज फेडायचे असते आणि विद्यापीठाकडे फेडीचे साधन एकच, विद्यार्थ्यांचे शुल्क. एफएमएसच्या दोन लाखांकडे हिशेबनीस कोणत्या नजरेने पाहत असतील, हे वेगळे सांगायला नको.

मग अधिष्ठात्याला आयआयएमच्या संचालकासारखे अधिकार द्यावेत, ही मागणी अधूनमधून होते. ती ऐकायला बरी वाटते. पण आयआयएमच्या स्वायत्ततेची गेल्या काही वर्षांतील कहाणी पाहिली, तर उत्साहाला आवर घालावा लागतो. प्रकाश जावडेकर मनुष्यबळ विकासमंत्री असताना डिसेंबर २०१७ मध्ये संसदेने आयआयएम कायदा केला आणि संचालक नेमण्याचा अधिकार नियामक मंडळांना दिला. सरकारने आपणहून सत्ता सोडल्याचे ते दुर्मीळ उदाहरण होते आणि पुणेकर मंत्र्यांचे त्यासाठी कौतुकही झाले. सहा वर्षे पुरती झाली नाहीत, तोच ऑगस्ट २०२३ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली. राष्ट्रपती या संस्थांचे अभ्यागत झाले, संचालकाच्या नेमणुकीस त्यांची पूर्वसंमती आवश्यक ठरली, मंडळाचा अध्यक्षही तेच नेमणार आणि चौकशीचे आदेशही तेच देणार. राष्ट्रपती म्हणजे व्यवहारात शिक्षण मंत्रालय, हे राजधानीत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. याच दुरुस्तीने मुंबईच्या पवई येथील ‘निटी’चे आयआयएम मुंबईत रूपांतर झाले, त्या आनंदात महाराष्ट्राने बाकीच्या कलमांकडे फारसे लक्ष दिले नाही.

ही दुरुस्ती सरकारला करता आली, याला राजधानी क्षेत्रातीलच एक संस्था निमित्त झाली. रोहतकच्या आयआयएममध्ये २०१७ मध्ये संचालक नेमताना पदवी परीक्षेतील प्रथम श्रेणीची अट होती. नियुक्त व्यक्तीकडे ती नव्हती, हे खुद्द शिक्षण मंत्रालयाने २०२२ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात मान्य केले. मूळ नेमणूक सरकारच्या अखत्यारीतील, म्हणजे चूक आधी सरकारची. पण स्वायत्त झालेल्या मंडळाने त्याच व्यक्तीला २०२२ मध्ये दुसरी मुदत दिली आणि स्वायत्ततेच्या विरोधकांच्या हातात आयते कोलीत मिळाले. ज्यांनी अधिकार मिळवले त्यांनी ते जपले नाहीत आणि ज्यांनी दिले त्यांना परत घेण्याची संधी हवीच होती. एफएमएसच्या स्वायत्ततेची चर्चा करणाऱ्यांनी रोहतकचे हे प्रकरण नजरेआड करता कामा नये.

ज्येष्ठतेच्या फिरत्या क्रमाबद्दल त्यामुळे घाईने नाक मुरडण्यात अर्थ नाही. एकच माणूस वर्षानुवर्षे विभागाच्या मानेवर बसू नये, यासाठी ही रीत आहे. ती गुणवत्तेला ओळखत नाही हे खरे, पण वशिल्यालाही ओळखत नाही. दिल्लीत ‘शोध समिती’ नेमली की शोध कोणत्या दिशेने सुरू होतो, हे समिती बसण्याआधीच अनेकांना समजलेले असते. केंद्रीय विद्यापीठांच्या कुलगुरुपदाच्या शोध समित्यांचा अनुभव काय सांगतो? फिरत्या क्रमातून सामान्य अधिष्ठाता मिळू शकतो. शोध समितीतून आज्ञाधारक अधिष्ठाता मिळण्याची शक्यता अधिक. या दोहोंत शिक्षक संघटना पहिल्याला पसंती देतात, ती केवळ आळसापोटी नाही.

तरीही तीन वर्षांची मुदत व्यवस्थापनशास्त्राच्या शाखेला परवडणारी नाही. इतिहासाच्या किंवा संस्कृतच्या विभागात प्रमुख बदलल्याने बाहेरच्या जगाशी असलेले करार अडत नाहीत. येथे कंपन्यांशी, माजी विद्यार्थ्यांशी, परदेशी विद्यापीठांशी संबंध जुळायलाच दोन वर्षे लागतात आणि समोरचा माणूस ओळखीचा होईतो दारावरची पाटी बदलते. विद्यापीठातील प्राध्यापकांतूनच, पण त्यांच्याच शिफारशीने, पाच वर्षांसाठी अधिष्ठाता निवडणे, आणि त्याला ठरावीक रकमेपर्यंत खर्चाचा व अभ्यागत अध्यापक नेमण्याचा अधिकार देणे, एवढे विद्यापीठाच्या अध्यादेशांत बदल करून साधता येईल. अनुदान आयोगाने २०२२ मध्ये मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अनुभवी व्यावसायिकांना ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून नेमण्याची मुभा दिली आहे. या तरतुदीचा उपयोग व्यवस्थापनाच्या शाखेने करायचा नाही तर कोणी करायचा?

आणखी एक गोष्ट घरातलीच आहे. दिल्ली विद्यापीठात एमबीए एके ठिकाणी शिकवला जात नाही. एफएमएस आहेच, त्याच्या जवळच वाणिज्य विभाग आंतरराष्ट्रीय व्यापार आणि मनुष्यबळ विकासाचे एमबीए चालवतो, दक्षिण परिसरात वित्त आणि व्यावसायिक अर्थशास्त्र विभागाचे वेगळे एमबीए आहेत. २०२२ मध्ये मुक्त अध्ययन प्रशालेनेही एमबीए सुरू केला. पदवीपातळीवर शहीद सुखदेव महाविद्यालयाचा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम १९८७ पासूनचा. इतक्या चुली, इतके प्रमुख आणि वेगवेगळ्या विद्याशाखा. वित्तशास्त्राचे उत्तम शिक्षक एका इमारतीत आणि त्यांची गरज असलेले विद्यार्थी दुसऱ्या. एकत्रीकरणाचा विषय निघाला की कोणाचे प्रमुखपद जाणार, यावर चर्चा अडते. पदव्यांचे दर्जे वेगळे, प्रवेशाच्या वाटा वेगळ्या, आणि नोकरीच्या बाजारात सर्वांच्या प्रमाणपत्रावर नाव एकच, दिल्ली विद्यापीठ. या नावाची किंमत एफएमएसने वाढवायची आणि इतरांनी खर्च करायची, अशी एफएमएसवाल्यांची खासगीतली तक्रार असते. इतर विभागांची तक्रार, आपल्याला कायम धाकट्या भावाची वागणूक मिळते, ही. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे.

स्पर्धा तर दारात आली आहे. गुरुग्रामची एमडीआय १९७३ पासूनची, दिल्लीची आयएमआय १९८१ ची. आयआयएम लखनौने नोएडात परिसर थाटला, एक्सएलआरआय झज्जरला आली, खासगी विद्यापीठांनी सोनीपतमध्ये काचेच्या इमारती उभ्या केल्या. २०२५ मध्ये ब्रिटनच्या साउदम्प्टन विद्यापीठाचे गुरुग्राममधील वर्गही सुरू झाले. या संस्थांशी वातानुकूलित सभागृहांत स्पर्धा करणे लाल इमारतीला जमणार नाही आणि तिने तसे करूही नये. विद्यार्थ्याला जी गोष्ट इतरत्र मिळत नाही, ती येथे काय मिळू शकते, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे.

मुंबईचे उदाहरण येथे बोलके ठरेल. जमनालाल बजाज संस्था मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्याने काढली. तीही विद्यापीठाचीच, तीही स्वस्त. अजय पिरामल, उदय कोटक, हरीश मनवानी ही तिची नावे देशाला ठाऊक आहेत. चर्चगेटच्या परिसरातील त्या संस्थेला दलाल स्ट्रीट, बँका आणि कंपन्यांची मुख्यालये चालत जाण्याच्या अंतरावर होती. संध्याकाळी तिथला अधिकारी वर्गावर येऊन शिकवू शकत होता. शहराचा स्वभाव संस्थेत उतरला. दिल्लीच्या संस्थेत दिल्लीचा स्वभाव किती उतरला? या शहराचा मुख्य धंदा सरकार आहे. दूरसंचार, वीज, स्पर्धा यांचे नियामक येथे बसतात, रेल्वे बोर्ड येथे, बहुतेक मोठ्या सार्वजनिक उपक्रमांची मुख्यालये येथे. मेट्रोसारखा प्रकल्प ठरल्या वेळेत उभा करण्याचा धडा श्रीधरन यांनी येथेच दिला. राजधानीतील पहिला भुयारी मार्ग डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाला तो विश्वविद्यालय स्थानकापासून, म्हणजे एफएमएसच्या उंबऱ्यापासून. असे असताना येथील विद्यार्थ्याचे लक्ष मुंबईच्या बँकेकडे आणि बेंगळुरूच्या कंपनीकडे लागलेले. सरकार आणि उद्योग यांच्या सीमेवर काय चालते, निविदा कशी लिहिली जाते, नियामक दर कसा ठरवतो, खासगी भागीदारीतला प्रकल्प कोठे फसतो, याचा अभ्यास करणारी देशातील पहिली शाखा होण्याची सोय या संस्थेला भूगोलानेच करून दिली होती.

दुसरे उदाहरण मराठी वाचकाला अधिक जवळचे. उत्तर परिसरापासून काही किलोमीटरवर आझादपूरची मंडई आहे, आशियातील सर्वांत मोठ्या भाजी-फळ बाजारांपैकी एक. लासलगावचा कांदा आणि नाशिकची द्राक्षे तेथे पोहोचतात. १९९८ च्या नोव्हेंबरात कांद्याच्या भावाने दिल्लीतील भाजपचे सरकार घालवले, सुषमा स्वराज यांना जेमतेम दोन महिने मुख्यमंत्रिपदावर बसता आले. लासलगावला शेतकऱ्याच्या हाती काय पडते आणि आझादपूरमधून निघालेला माल कमलानगरच्या गाड्यावर कोणत्या भावाने विकला जातो, यामधल्या साखळीत कोणाची किती कमाई होते, हा व्यवस्थापनशास्त्राचा प्रश्न आहे आणि तो दिल्लीचे राजकारण हलवू शकतो हे सिद्ध झालेले आहे. त्यावर वर्षानुवर्षे आकडे गोळा करणारा एक विभाग या विद्याशाखेत असता, तर निर्यातबंदीचे निर्णय घेणाऱ्या मंत्रालयाला अधिकाऱ्यांच्या अंदाजावर विसंबावे लागले नसते. नाशिकच्या शेतकऱ्यालाही त्याचा उपयोग झाला असता. परंतु असे संशोधन नोकरभरतीच्या हंगामात दाखवता येत नाही, आणि तीन वर्षांत पूर्णही होत नाही.

नव्या अधिष्ठात्याच्या टेबलावर पहिल्या दिवशी येणाऱ्या फायलींत यातले काही नसते. कॅटचा निकाल लागल्यावर मुलाखतींचे वेळापत्रक, कंपन्यांच्या भेटींच्या तारखा, वसतिगृहाची दुरुस्ती, निवृत्त झालेल्या प्राध्यापकाच्या रिक्त पदाची जाहिरात आणि शुल्काबाबत विद्यापीठाकडून आलेले एक पत्र, एवढाच तो ढीग असतो. यांपैकी पत्राचे उत्तर तेवढे त्याने स्वतः लिहायचे असते. अधिक तुकड्या आणि अधिक शुल्क असे त्या पत्रात सुचवलेले असेल, तर त्याबदल्यात किती शिक्षक, किती वर्षांची मुदत आणि कोणते अधिकार मिळणार, हे त्याने कुलगुरूंना आदेश हाती पडण्याआधी विचारायला हवे. नंतर विचारण्यासाठी तीन वर्षे असतात. त्यांपैकी पहिले फायली समजण्यात जाणार असते.